दुधी पट्टी

"अन् भाऊ, हे वरचं बारकं भोक तेवढं उघडं ठेवजा," मंजुषा म्हणाली. "त्याच्यावर काही चिकटवू नका. नाई तर पुण्याच्या बहिणीले मी दिसनार कशी? कॅमेरा आहे तो."

बाबूभाईंच्या हातातली मापाची टेप लॅपटॉपच्या कडेवर होती, ती तिथेच राहिली. मंजुषा कोपऱ्यावर कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. नवा लॅपटॉप आणला तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं, कवर करायचं तर बाबूभाईंकडेच कर, त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपला असं झकास शिवलंय की पाहत राहावं. म्हणून ती ऐन शुक्रवारी, दुकान नमाजसाठी बंद व्हायच्या आधी, घामाघूम होऊन आली होती. "कोनतं भोक?" त्यांनी विचारलं. भोक त्यांना दिसत होतं. पडद्याच्या वर, काळ्या चौकटीच्या मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढं. मंजुषानं त्यावर नख ठेवलं. "हे. याच्यातूनच त्याले दिसते. हे झाकलं की आंधळं." ती हसली. बाबूभाईंनी मान हलवली, सोमवारी या म्हणाले, तिच्या लॅपटॉपवर आपला पंजा उमटलेला दिसला तो सवयीनं फडक्यानं पुसला, आणि ती रस्ता ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत फडकं हातात धरून उभे राहिले.

मग ते शिलाई मशीनपुढच्या स्टुलावर बसले. बसले म्हणजे बसवले गेल्यासारखे. जटपुरा गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर ऑटोंचा गलका चालू होता, समोरच्या भजेवाल्याची कढई चुरचुरत होती, आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट उलटीसुलटी होत होती. घरच्या लॅपटॉपचं भोक मीच बुजवलंय. दोन थर देऊन बुजवलंय. आफ्रीनला मी दिसलोच नाही. पहिल्या शुक्रवारपासून एकदाही नाही. अंगावर इस्त्रीचा कुर्ता चढवून, दाढी विंचरून, अत्तराचा बोळा कानात खोचून (अत्तर काय यंत्रातून जाणार होतं, पण नाही, बाबूभाईंना तेही हवं) आपण दर शुक्रवारी त्या पडद्यासमोर नवरदेवासारखे बसलो, आणि तिकडे मस्कतला पोरीच्या पुढ्यात नुसतं धुकं. अन् ती बोलली नाही. पोरगी बोलली कशी नाही?

झाकणं हा त्यांचा धंदा होता, आणि धंदा होण्याआधी ती त्यांच्या घरची रीत होती. माजरीच्या खाणीत बाप कामाला, खाणीलगतच्या चाळीत घर. तिथं कोळशाची धूळ काही कोणाला विचारून आत यायची नाही. सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा कपडा दुपारी राखाडी व्हायचा. आई मळलेल्या कणकेवर ओलं फडकं टाकायची, मटक्यावर ताटली, ताटलीवर फडकं, फडक्यावर दगड. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायची. भिंतीला उंदरानं भोक पाडलं तर उंदराचं काही नाही, भोकाचं वाईट वाटायचं, कारण भोक म्हणजे धूळ. जिथं भोक दिसेल तिथं बोळा कोंबायचा, हे बाबूभाई चालायला शिकले त्याच वयात शिकले असतील. पुढे चंद्रपूरला येऊन सीट कवरचं दुकान टाकलं तेव्हा हाताला असं यश आलं की ट्रकवाले, ऑटोवाले, आणि आता मोहर्लीचे जिप्सीवालेसुद्धा त्यांच्याचकडे. वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या बुडाखालचं रेक्झिन बाबूभाईंचं. आणि दुकानात जे केलं ते घरातही. सोफ्यावर जाड प्लॅस्टिक, फ्रिजला झालर, रिमोट पिशवीत, पिशवीला रबर. बायको, आबिदा, म्हणायची, "या घरात मानूस बसाले आहे का कवर बसाले?" उन्हाळ्यात सोफ्यावरून उठताना मांड्यांची कातडी चिकटून यायची. ती चिडून खाली फरशीवर बसायची. लग्नातला कपबशांचा सेट तिनं एकदा काढला, तेव्हा हे म्हणाले, राहू दे, फुटन. तो सेट अजून खोक्यात होता. आबिदा नव्हती.

आफ्रीनला त्यांनी नववीत सायकल घेऊन दिली होती, लाल. कारखान्यातून दांडीवर प्लॅस्टिक गुंडाळून आलं होतं ते त्यांनी काढू दिलं नाही, उलट फाटलं तिथं नवं गुंडाळलं. एक दिवस पोरीनं कंपासच्या टोकानं ते सगळं सोलून काढलं. लाल दांडी उन्हात अशी चमकली की दोन मैत्रिणी पाहायला आल्या. बाबूभाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. ती रडली नाही. म्हणाली, "अब्बा, माही सायकल लाल आहे हे मलेच आज दिसलं." तेव्हा त्यांना हा आगाऊपणा वाटला होता. आज स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा स्वतःचाच तळहात त्यांना जड झाला.

अजान झाली. शटर ओढून ते मशिदीत गेले, हात पाय धुतले, रांगेत उभे राहिले. खुतब्यात इमामसाहेब काय सांगत होते ते कानावर पडत होतं, आत उतरत नव्हतं. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा डोळ्यांपुढे चौकोन आला. तो पांढुरका चौकोन. बोलणं सुरू झालं की पडद्याच्या कोपऱ्यात हा छोटा चौकोन यायचा आणि त्यात कधीमधी सावलीसारखं काही हलायचं. बाबूभाईंना वाटायचं यंत्राचं काही असेल, टीव्हीच्या कोपऱ्यात चॅनलचं चिन्ह असतं तसं. आपण मान हलवली की तेही हलतं हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नाही, कारण त्यांचे डोळे पोरीवर असायचे. कोण मरायला कोपऱ्यात पाहतंय! त्यांची समजूत साधी होती. काचेतून ती मला दिसते, म्हणजे त्याच काचेतून मी तिला दिसणार. खिडकीचं तसंच असतं. खिडकी काय एका बाजूनं पाहते?

लॅपटॉप आणून दिला तो तौसीफनं, जावयाच्या चुलतभावानं. रईस म्हणजे जावई, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत, आणि आफ्रीन तिथंच एका दवाखान्यात नर्स. दोन हजार आठचा हिवाळा सरत आला होता; त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. तौसीफनं वायर जोडली, बटणं दाबली, आणि पडद्यावर रईस उभा राहिला. "सलाम अब्बा! दिसले, दिसले, एकदम साफ दिसून राह्यले!" आफ्रीन त्या दिवशी ड्युटीवर होती. शुक्रवारी बोलू म्हणाला. तौसीफ गेल्यावर बाबूभाईंनी दिवा लावला आणि लॅपटॉप घेऊन बसले. चंदेरी, गुळगुळीत, लहान बाळाच्या गालासारखा. बोट लागलं की बोटाचा ठसा. पोरीनं पाठवलेली ही पहिली वस्तू होती, त्या सगळ्या प्रकारानंतरची. तिला ओरखडाही पडता कामा नये. त्यांनी झाकणाला मऊ फ्लॅनेलचं अस्तर लावून रेक्झिनचं कवर शिवलं, कडेला दुहेरी शिलाई. बटणांवर पातळ प्लॅस्टिक. पडद्यावर पारदर्शक कागद, एक बुडबुडा राहू न देता. चौकटीपर्यंत येता येता पारदर्शक संपला, म्हणून चौकटीला सीटचं दुधी प्लॅस्टिक कापून पट्ट्या केल्या आणि सोल्यूशननं बसवल्या. वरच्या पट्टीखाली ते भोक आलं. हे उघडं कसं राहिलं, यातून तर थेट आत जाईल धूळ, असं म्हणून त्यांनी त्यावर आणखी एक तुकडा ठेवून अंगठ्यानं दाबला. अंगठा दाबलेला त्यांना लख्ख आठवत होता. त्या रात्री केलेल्या कामावर ते फार खूश होते.

म्हणजे रईसला दिसलो. आणि आफ्रीन समोर आली तेव्हापासून पडदा. नमाज संपून लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, चपला शोधत होते, आणि बाबूभाई आपल्याच चपलांपुढे उभे राहून हा हिशेब पहिल्यांदा तिच्या बाजूनं मांडत होते. नवऱ्याला बापानं तोंड दाखवलं, मला नाही.

कारण तसं ते बोलले होते. आबिदा लॅपटॉप यायच्या आधीच्या मे महिन्यात गेली, पहाटे, बोलता बोलता. चंद्रपूरचा मे. बर्फाच्या लाद्या आणल्या, दुपारपर्यंत त्यांचं पाणी वाहून दाराबाहेर गेलं. जाणती माणसं म्हणत होती, मय्यतीला इतका उशीर बरा नाही, बाबूभाई. फोनवर आफ्रीनचा एकच धोशा, "माह्यासाठी थांबा अब्बा, मी निघून राह्यली. अम्मीचं एक डाव तोंड पाहू द्या." ते थांबले. सगळ्यांचा वाईटपणा घेऊन थांबले. सोफ्यावरच्या प्लॅस्टिकवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, जरा कोणी हललं की ते करकरायचं, आणि तेवढाच आवाज घरात. संध्याकाळी तिचा फोन आला की दवाखान्याचे साहेब पासपोर्ट देऊन नाई राह्यले, मी नाही येऊ शकत. तेव्हा बाबूभाई भर माणसांत ओरडले होते, "नको येऊ! मायचं तोंड पाहाले आली नाई ना, आता माहं बी पाहाले येऊ नको! मेलो तरी नको येऊ!" मग आबिदाच्या चेहऱ्यावरचं कफन शेवटचं बाजूला केलं गेलं, ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं, आणि ते बंद झालं. दुःखात माणूस काहीही बोलतो, पुढे बोलचाल सुरू झाली, फोन सुरू झाले, त्या वाक्याचा उच्चार दोघांपैकी कोणीच केला नाही. बाबूभाईंना वाटलं, मिटलं. बोललेलं असं मिटत असतं तर काय हवं होतं.

घरी येऊन त्यांनी ताटावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. एकेक शुक्रवार आठवू लागला, आता वेगळाच. पहिल्याच वेळी ती म्हणाली होती, "अब्बा, दिवा लावा ना जरा." यांनी उठून ट्यूब लावली. "आता?" ती थोडी थांबून म्हणाली, "हो. आता ठीक आहे." पुन्हा तिनं दिव्याचं नाव काढलं नाही. मग ईद. त्यांनी मुद्दाम पिस्त्याच्या रंगाचा कुर्ता शिवून घेतला होता आणि पडद्यासमोर बसून खांदे ताठ केले होते. "कसा दिसते?" आणि आफ्रीन म्हणाली होती, "चांगला दिसते अब्बा. पांढरा शोभते तुमाले." त्यांना वाटलं, यंत्रातून रंग उडत असेल. अरे माणसा! पोरगी अंदाजानं बोलत होती. धुक्याला शोभतो म्हणत होती. अलीकडे तर ती समोर पाहायचीही नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलायची, मान खाली. बाबूभाईंना राग यायचा, बापाशी बोलायला पोरीला सवड नाही म्हणून. आता कळत होतं. वर पाहून काय पाहायचं? तरी ती यायची, बसायची, स्वतःचं तोंड दाखवायची आणि जायची, जणू शिक्षा भोगायला. आणि गेल्या शुक्रवारी म्हणाली होती, "अब्बा, आता शुक्रवारची ड्युटी लागून राह्यली. हा येता शुक्रवार तेवढा बोलू, मंग पाहू कसं जमते ते." येता शुक्रवार म्हणजे हा. मग पाहू म्हणजे काय, ते बाबूभाईंना चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईकही असंच म्हणतं आणि दुसऱ्या दुकानात जातं.

फोन उचलून सांगावं, बेटा, चूक झाली? त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि ठेवला. फोनवर सांगितलेलं ती ऐकेल, हो म्हणेल. दिवा लावल्यावर म्हणाली होती तसंच, आता ठीक आहे. आणि आणखी एक विचार होता, तो त्यांना टाळता येत नव्हता. तौसीफनं त्या दिवशी पडद्याच्या वर बोट दाखवून काहीतरी सांगितलं होतं. इथून, असं काहीतरी. ते आपण ऐकलं नव्हतं, की ऐकून सोडलं होतं? सगळीकडे एक थर आणि त्या एका जागी दोन, असं का? हातानं धुळीसाठी केलं, की तोंडातून गेलेला शब्द हातानं पाळला? त्यांना खरोखर माहीत नव्हतं. आपल्याच हाताबद्दल आपल्याला माहीत नसावं याची त्यांना भीती वाटली.

लॅपटॉप त्यांनी फरशीवर ठेवला, आबिदा बसायची तिथं, आणि पट्टीच्या कडेत नख घातलं. उन्हाळ्यानं सोल्यूशन मऊ पडलं होतं, प्लॅस्टिक ताणलं जायचं, निघायचं नाही. बाबूभाईंचं काम असं सहजासहजी सुटणारं नसतं, हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. पेट्रोलच्या बोळ्यानं सोल्यूशन जातं, पण पेट्रोलनं ही चौकट पांढरी पडेल. ते आबिदाच्या फळीवरून खोबरेलाची बाटली आणि तिची जुनी ओढणी घेऊन आले. तेल सोडलं, चोळलं, नख तुटलं, मग रेक्झिनला भोकं पाडायची टोकदार आरी घेतली. पट्टीचं एक टोक सुटलं. त्यांनी जोर केला आणि आरी सटकली. चौकटीवर वरपासून कोपऱ्यापर्यंत पांढरी रेघ उमटली, खोल, नखाला लागेल अशी.

ते थांबले. हा त्या लॅपटॉपचा पहिला ओरखडा. आता जीव हळहळेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी पट्टी धरून ओढली, आणि तिच्या मागोमाग बाजूच्या, आणि पडद्यावरचा कागद, आणि बटणांवरचं प्लॅस्टिक. सगळं चर्रकन निघून आलं. भोकावर चिकट दुधी थेंब राहिला होता. तो त्यांनी आबिदाच्या ओढणीच्या टोकानं पुसला, फुंकर घातली, पुन्हा पुसला. यंत्रावर जिकडेतिकडे तेलाची बोटं उमटली होती. एरवी ते एका ठशासाठी फडकं आणायला धावले असते. आज कुर्ता चढवायचंही राहून गेलं. घामेजलेल्या बनियनवर तेलाचे डाग, आणि तेवढ्यात पडदा वाजू लागला.

त्यांनी बटण दाबलं. प्लॅस्टिकशिवाय बटण बोटाला गार लागलं. आफ्रीन आली, नेहमीसारखी पलंगाच्या कडेवर, मांडीवर कपडे, मान खाली. "सलाम अब्बा. आवाज येते का? इथी लय गरमी होऊन राह्यली. तुमी जेवले का?" ती रईसच्या शर्टाची घडी घालत होती. बाबूभाईंनी कोपऱ्यात पाहिलं. चौकोनात एक म्हातारा बसला होता, गाल बसलेले, दाढी पार पांढरी, बनियन खांद्यावरून घसरलेलं. हा कोण, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्या म्हाताऱ्याचे ओठ त्यांच्या ओठांबरोबर हलले.

"बेटा," ते म्हणाले, "वर पाह्य."

तिनं मान वर केली. हातातला शर्ट तसाच राहिला, अर्धा दुमडलेला. तिचे डोळे पडद्यावरून हटेनात. बाबूभाईंना ते सहन होईना. "पट्टी होती बेटा," ते घाईघाईनं बोलू लागले, "धुळीची पट्टी लावली होती म्या, तिथी कॅमेरा राह्यते हे मले कोनी... मंजुषाबाई आली तवा... म्या मुद्दाम नाई बेटा, अल्ला कसम, मले वाटलं तुले दिसून राह्यलो. म्या तर दर येळी..." बोलता बोलता त्यांना रडू फुटलं आणि ते लपवायला त्यांनी ओढणी तोंडाकडे नेली.

"अब्बा," आफ्रीन म्हणाली. ती पडद्याच्या इतकी जवळ आली होती की तिचं कपाळ वर कापलं गेलं होतं, नुसते डोळे आणि नाक उरलं होतं. "हात बाजूले करा. हालू नका. बोलू बी नका. एक डाव पाहू द्या."

बाबूभाईंनी हात खाली घेतला. ओढणी मांडीवर ठेवली, आणि ती पाहत राहिली तोवर ते हलले नाहीत.